विंचवाचं विष आणि इन्सुलिनची पेशी: कोणतं दार कधी उघडतं?

वजन आणि साखर उतरवणाऱ्या आठवड्याच्या इंजेक्शनांची चर्चा सुरू झाल्यापासून एक प्रश्न घरोघर विचारला जातो. हे औषध म्हणे सरड्याच्या विषापासून केलंय, खरं का? उत्तर अर्धं हो, अर्धं नाही असं आहे आणि त्याकडे आपण शेवटी येऊच. पण हा प्रश्न ज्या मोठ्या गोष्टीचं एक टोक आहे, ती गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. आपल्या पोटातली इन्सुलिनची पेशी इन्सुलिन नेमकं बाहेर कसं सोडते, हे माणसाला कळलं त्यात विषांचा फार मोठा वाटा आहे. विंचवाचं विष, कोळ्याचं विष, धनुर्वाताच्या जंतूचं विष, एवढंच काय, डांग्या खोकल्याच्या जंतूचंसुद्धा. त्यातला एक विंचू तर आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या गडग्यात राहतो.

देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासातून २०२३ मध्ये पुढे आला. जवळपास प्रत्येक घरात गोळी घेणारं कुणीतरी आहे. ती गोळी पोटात जाऊन कुठलं दार ढकलते, हे समजून घ्यायचा आपल्याला हक्क आहे, असं मला मनापासून वाटतं.

आधी पेशी बघू

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं असतं, जेमतेम वीतभर. त्याचा बहुतेक भाग अन्न पचवणारा रस तयार करतो. त्या मांसल भागात मधेमधे पेशींचे छोटे पुंजके विखुरलेले असतात. पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये आपल्या प्रबंधात त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना लांगरहान्सची बेटं म्हणतात. माणसाच्या स्वादुपिंडात अशी साधारण दहा लाख बेटं असतात, पण सगळी मिळून वजन भरतं स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्के. या बेटांमधल्या ज्या पेशी इन्सुलिन बनवतात, त्या बीटा पेशी.

प्रयोगशाळेत ही बेटं मिळवायची कशी? उंदराच्या स्वादुपिंडात ऊती विरघळवणारं द्रावण भरतात आणि ते ३७ अंशांच्या पाण्यात काही मिनिटं ठेवून हलवतात. आजूबाजूचा भाग सुटा होतो, बेटं शाबूत राहतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली डोळे लावून, रव्याच्या कणाहूनही बारीक असलेला एकेक पांढुरका ठिपका पिपेटने उचलून बाजूला ठेवायचा. ताटात तांदूळ निवडत बसावं तसं हे काम चालतं. पुढे जे जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं अशा वेचलेल्या ठिपक्यांवर किंवा त्यांच्यातल्या सुट्या पेशींवर झालेलं आहे.

साखर वाढली हे पेशीला कसं कळतं?

बीटा पेशीत इन्सुलिन आधीच तयार असतं. अतिशय बारीक पुड्यांमध्ये बांधून ठेवलेलं, एका पेशीत दहा हजारांच्या आसपास पुड्या. प्रश्न एवढाच की त्या बाहेर कधी टाकायच्या.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. वरून बारीक धार येतेय, पण खालचा नळ उघडा आहे, त्यामुळे टाकी भरत नाही. बीटा पेशीच्या आवरणात असाच एक उघडा नळ असतो: पोटॅशियमची दारं. त्यांतून धन विद्युतभार असलेलं पोटॅशियम सतत बाहेर जातं आणि पेशीचं आतलं अंग ऋणभारित राहतं. आपण जेवलो की रक्तातली साखर पेशीत शिरते, तिथे तिचं ज्वलन होतं आणि एटीपी नावाचं पेशीचं इंधन वाढतं. हे एटीपी जाऊन तो नळ बंद करतं. आता टाकी भरायला लागते, म्हणजे पेशीच्या आतला विद्युतभार चढतो. तो ठरावीक खुणेपर्यंत पोचला की दुसरी दारं धाडकन उघडतात, कॅल्शियमची. कॅल्शियम आत घुसतं आणि पुड्या पेशीच्या भिंतीला जोडल्या जाऊन बाहेर रिकाम्या होतात.

एटीपीने बंद होणारा हा नळ बीटा पेशीत आहे, हे १९८४ मध्ये उघड झालं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ही नावं आपल्याकडच्या औषधांच्या डब्यात हमखास सापडतात. या गोळ्या हाच नळ थेट बंद करतात, साखर वाढलेली असो वा नसो. म्हणून तर ही गोळी घेऊन जेवण चुकलं की घाम फुटतो, हातपाय थरथरतात आणि साखर धोक्याइतकी उतरते.

पण यात विषाचं काय काम?

जुन्या वाड्यात मीटरच्या खोलीत फ्यूजची रांग असायची. कुठली तार कुठे जाते हे कुणालाच ठाऊक नसे. वायरमन यायचा आणि एकेक फ्यूज उपसून विचारायचा, "कुठला दिवा गेला?" तासाभरात अख्ख्या वाड्याचं वायरिंग त्याच्या डोक्यात यायचं.

पेशीच्या आवरणात अशी डझनावारी दारं असतात आणि ती दिसायला एकमेकांच्या भावंडांसारखी. एकच दार बंद करायचं आणि शेजारच्याला धक्का लागू द्यायचा नाही, हे प्रयोगशाळेत बनवलेल्या रसायनांना सहसा जमत नाही. विषारी प्राण्यांचं पोट मात्र कोट्यवधी वर्षं याच कौशल्यावर चाललं आहे. भक्ष्याला चटकन लुळं करायचं तर त्याच्या नसांमधलं नेमकं दार गाठावं लागतं. त्यामुळे विंचवाच्या किंवा कोळ्याच्या विषाच्या एका थेंबात शेकडो वेगवेगळी छोटी प्रथिनं असतात आणि त्यांतल्या अनेकांचा पत्ता ठरलेला असतो. संशोधक त्यातलं एक प्रथिन वेगळं करतात आणि फ्यूज उपसावा तसं वापरतात. नसांमध्ये असलेली बरीचशी दारं बीटा पेशीतही आहेत, हे आपलं नशीब.

लाल विंचवाच्या विषातली एक किल्ली

कोकणातला लाल विंचू पावसाळ्याच्या आगेमागे सरपणात, गवताच्या भाऱ्यात, जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटीत सापडतो. त्याच जातीच्या विंचवाच्या विषातून अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९० मध्ये ३७ अमिनो आम्लांचं एक चिमुकलं प्रथिन वेगळं केलं. त्याचं नाव आयबेरिओटॉक्सिन. ते एकाच प्रकारचं दार बुजवतं: कॅल्शियम आत आलं की उघडणारं, पोटॅशियमचं मोठं दार.

हे दार इन्सुलिनच्या कामी महत्त्वाचं का? बीटा पेशी एकदा चालू झाली की विद्युतभाराचे झटके देत राहते. प्रत्येक झटक्याला कॅल्शियम आत येतं आणि लगेच काही पोटॅशियमची दारं उघडून तो झटका विझवतात. ही विझवणारी दारं नसती, तर पेशी थांबलीच नसती. २००८ मध्ये ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी अवयवदात्यांकडून मिळालेल्या माणसाच्या बीटा पेशींवर हे विंचवाचं प्रथिन घातलं. झटके उंच झाले आणि इन्सुलिन सुमारे ७० टक्क्यांनी जास्त बाहेर पडलं. म्हणजे माणसात झटका विझवण्याच्या कामात या मोठ्या दाराचा खरोखर वाटा आहे. फ्यूज उपसला आणि दिवा कळला.

उंदरावर जमलं ते माणसाला लागू होतं का?

नेहमी होत नाही, आणि हेही विषांनीच दाखवून दिलं. चीनमधल्या एका मोठ्या कोळ्याचं विष, ग्वांगशीटॉक्सिन, पोटॅशियमचं दुसऱ्या प्रकारचं दार बुजवतं. २००६ मध्ये छापून आलेल्या कामात त्याने उंदराच्या बेटांमधून इन्सुलिनचं प्रमाण वाढवलं, तेही साखर असेल तेव्हाच. औषध कंपन्यांना याचं किती अप्रूप वाटलं असेल, ते समजू शकतं. साखर वाढलेली असतानाच काम करणारं औषध म्हणजे साखर अचानक कोसळण्याची भीती नाही. पण ऑक्सफर्डच्या त्या प्रयोगात माणसाच्या पेशींवर त्याच जातीचं दार बुजवणारं दुसऱ्या एका कोळ्याचं विष वापरलं, तर इन्सुलिन वाढलं नाही. उंदीर झटका एका दाराने विझवतो, माणूस मुख्यत्वे दुसऱ्या.

फुगा माशाच्या विषाची कथा अशीच. टेट्रोडोटॉक्सिन हे विष सोडियमची दारं बंद करतं. उंदराच्या बीटा पेशीला त्याने फारसा फरक पडत नाही. माणसाच्या पेशीतून येणारं इन्सुलिन मात्र निम्म्याहून खाली येतं. कितीतरी वर्षं पाठ्यपुस्तकातली बीटा पेशी ही मुळात उंदराची बीटा पेशी होती. तिच्या जागी माणसाची पेशी काढायला घेतली, तेव्हा हाताशी याच विषांच्या कुप्या होत्या.

डांग्या खोकला आणि इन्सुलिनचा ब्रेक

मला या सगळ्यातली सर्वात देखणी गोष्ट वाटते ती जपानमधली. १९७०च्या दशकात मिचिओ उई आणि तोशिआकी कातादा हे संशोधक उंदरांवर अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम तपासत होते. अ‍ॅड्रेनालिन हे धावपळीचं, भीतीचं संप्रेरक. ते आलं की बीटा पेशी इन्सुलिन सोडायचं थांबवते. यामागे शहाणपण आहे: वाघ मागे लागला असताना रक्तातली साखर साठवून ठेवायची नसते, ती पायांना लागते.

पण डांग्या खोकल्याची लस टोचलेल्या उंदरांमध्ये हा ब्रेक लागतच नव्हता. अ‍ॅड्रेनालिन दिलं तरी इन्सुलिन येत राहायचं, उलट वाढायचं. त्यांनी जंतूंच्या द्रावणातून यामागचं प्रथिन शोधून काढलं आणि त्याला नाव दिलं, बेटं चालू करणारं प्रथिन. पुढे कळलं की हेच डांग्या खोकल्याच्या जंतूचं मुख्य विष.

ते काय करतं हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उलगडलं. पेशीच्या बाहेर अ‍ॅड्रेनालिनने घंटी वाजवली, तर आत निरोप नेणारा एक शिपाई असतो. या शिपायांना जी-प्रथिनं म्हणतात. काही शिपाई "चालू कर" असा निरोप नेतात, काही "थांब" असा. डांग्या खोकल्याचं विष "थांब" म्हणणाऱ्या शिपायाच्या अंगावर एक रेणू चिकटवतं, आणि मग त्याला घंटी ऐकूच येत नाही. पटकीच्या जंतूचं विष नेमकं उलट करतं. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये ज्याचं अस्तित्व सिद्ध केलं, ते हे विष "चालू कर" म्हणणाऱ्या शिपायाला कायमचा जागा ठेवतं. आतड्यात त्यामुळे पाणी वाहत राहतं. प्रयोगशाळेतल्या बीटा पेशीवर घातलं, तर साखरेला मिळणारा इन्सुलिनचा प्रतिसाद वाढतो.

एका विषाने ब्रेक सापडला, दुसऱ्याने अ‍ॅक्सिलरेटर. जी-प्रथिनांच्या शोधाला १९९४ मध्ये नोबेल मिळालं, ते आल्फ्रेड गिलमन आणि मार्टिन रॉडबेल यांना. या विषांवाचून तो शोध इतक्या लवकर लागला असता, असं मला वाटत नाही.

इथे आईबापांच्या मनात शंका येईल. मग त्रिगुणी लसीने बाळाची साखर बिघडते का? नाही. लसीत जंतू मेलेले असतात आणि विषाची ताकद घालवलेली असते. त्या उंदरांना प्रयोगासाठी दिलेली मात्रा आणि बाळाची लस यांची तुलना होऊ शकत नाही. उलट, लस न घेतलेल्या तान्ह्या बाळाला डांग्या खोकला झाला, तर तो जिवावर बेततो.

मग विंचू चावला तर साखर कमी होईल का?

हा प्रश्न कुणी ना कुणी विचारणारच, म्हणून स्पष्ट सांगते: साखर वाढते, आणि माणूस दगावू शकतो. विंचवाच्या विषात एकच प्रथिन नसतं. अंगात गेल्यावर सगळ्यात आधी कामाला लागतात ती नसांमधली सोडियमची दारं उघडी ठेवणारी प्रथिनं. नसा बेभान होतात, अ‍ॅड्रेनालिनचं वादळ उठतं. दरदरून घाम, ओकाऱ्या, बर्फासारखे गार हातपाय, छातीत धडधड. हेच अ‍ॅड्रेनालिन बीटा पेशीची घंटी वाजवतं, "थांब"वाला शिपाई पळत सुटतो आणि इन्सुलिन आटतं. लाल विंचू चावलेल्या रुग्णाची साखर वाढलेली सापडते ती यामुळे. मुंबईतल्या शरीरक्रियाशास्त्राच्या अभ्यासकांनी विंचूदंशातल्या या इन्सुलिनच्या तुटीवर बरंच काम केलं आहे.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच वादळावर प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध वापरून दाखवलं. ते अ‍ॅड्रेनालिनने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. कोकणात विंचूदंशाने होणारे मृत्यू त्यामुळे कितीतरी घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे पेशीवर एकटं घातलेलं जे प्रथिन इन्सुलिन वाढवतं, ते ज्या विषातून आलं ते अख्खं विष माणसाच्या अंगात नेमकं उलट करतं. विंचू चावला तर मंत्र, पाला, दोरी यांत वेळ न दवडता दवाखाना गाठायचा.

पुडी भिंतीला जुळते कशी? बोटॉक्सची साक्ष

आता शेवटचा टप्पा. कॅल्शियम आलं, पण पुडी आणि पेशीची भिंत एकमेकींत मिसळतात कशी? पुडीवर एक प्रथिन, भिंतीवर दोन. ती वेणीसारखी एकमेकांत पिळली जातात आणि पुडीला भिंतीशी खेचून आणतात. १९९२ मध्ये इटलीतल्या पादुआच्या संशोधकांनी दाखवलं की धनुर्वाताचं विष आणि बोट्युलिनम विषाचा (बोटॉक्स हे त्याचंच औषधी रूप) एक प्रकार ही जणू कात्री आहे आणि ती पुडीवरचं प्रथिन एकाच जागी कापते. बोट्युलिनमचे इतर काही प्रकार भिंतीवरचं प्रथिन कापतात. नसेतून निरोप सुटत नाही, म्हणून धनुर्वातात अंग ताठतं आणि बोट्युलिनममध्ये लुळं पडतं.

मग १९९०च्या दशकाच्या मध्यावर हीच कात्री बीटा पेशीत सोडली गेली. इन्सुलिन जवळजवळ थांबलं. मेंदूतली पेशी निरोप सोडते आणि स्वादुपिंडातली पेशी इन्सुलिन सोडते, त्या दोघींचं यंत्र एकच, हे यातून ठरलं.

इथे एक अडचण होती आणि ती फार बोलकी आहे. शाबूत बीटा पेशी हे विष आत घेतच नाही, कारण ते आत ओढून घेणारा हात नसांच्या पेशींकडे असतो. संशोधकांनी त्यासाठी आणखी एक विष कामाला लावलं, घसा सुजवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूचं स्ट्रेप्टोलायसिन-ओ. ते पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. मुलांचे सांधे दुखायला लागले की डॉक्टर एएसओ नावाची रक्ततपासणी सांगतात ना, ती याच विषाविरुद्धच्या प्रतिपिंडांची. तेव्हा सुरकुत्यांसाठी किंवा मानेच्या आखडण्यासाठी बोटॉक्स घेणाऱ्यांनी आपलं इन्सुलिन बंद पडेल अशी धास्ती घ्यायचं कारण नाही. मात्रा अगदी थोडी, ती एका जागी दिलेली, आणि बीटा पेशीचं दार तिला बंद.

पेशी मरत नाहीत का, असंही विचारलं जातं. भोकं पाडणारी विषं मोजून-मापून दिली नाहीत तर मरतात. दार बुजवणारी विषं मात्र इतकी कमी लागतात की आयबेरिओटॉक्सिनच्या नेहमीच्या प्रयोगात लिटरभर पाण्याला अर्धा मिलिग्रॅमही पडत नाही. ती दाराच्या तोंडाशी बुचासारखी बसतात आणि पेशी जिवंत राहते.

आणि तो सरडा?

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला आणि मेक्सिकोत गिला मॉन्स्टर नावाचा जाड शेपटीचा विषारी सरडा असतो. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन एंग यांना त्याच्या विषात ३९ अमिनो आम्लांचं एक प्रथिन सापडलं, एक्सेंडिन-४. ते आपल्या आतड्यातल्या जीएलपी-१ या संप्रेरकासारखं निघालं. जेवल्यावर हे संप्रेरक बीटा पेशीच्या "चालू कर" शिपायाला जागं करतं, पण रक्तात दोन मिनिटांत त्याचे तुकडे होतात. सरड्याचं प्रथिन मात्र तासन् तास टिकतं. प्रयोगशाळेत तयार केलेलं तेच प्रथिन एक्सेनाटाइड या नावाने २००५ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. सरड्याला हात न लावता, अर्थात.

आज ज्याची चर्चा आहे ते सेमाग्लुटाइड सरड्याचं नाही. ते माणसाच्याच जीएलपी-१ मध्ये फेरफार करून टिकाऊ केलेलं आहे. पण अशा औषधाचा उपयोग होतो, ही वाट पहिल्यांदा त्या सरड्याच्या प्रथिनाने दाखवली. ते साखर वाढलेली असतानाच इन्सुलिन वाढवतं. कारण शिपायाने कितीही ओरडून सांगितलं, तरी टाकी भरलेली नसेल तर कॅल्शियमची दारं उघडत नाहीत.

या प्रथिनाचा दुसरा उपयोग कमी लोकांना माहीत आहे. त्याच्या सुरुवातीची आठ अमिनो आम्लं काढून टाकली की ते जीएलपी-१ च्या घंटीवर जाऊन बसतं, पण ती वाजवत नाही, आणि दुसऱ्या कुणाला वाजवूही देत नाही. हे कापलेलं प्रथिन माणसांना देऊन संशोधकांनी मोजलं की जेवणानंतरच्या इन्सुलिनमध्ये आपल्या स्वतःच्या जीएलपी-१ चा वाटा किती. आणि वजन कमी करण्यासाठी जठराची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या लोकांना जेवणानंतर इन्सुलिन वाजवीपेक्षा जास्त सुटून चक्कर येते, त्यांच्यासाठी औषध म्हणून त्याच्या चाचण्या चालू आहेत.